तैलपात्रे, नासिक परिसरातील

तैलपात्रे : खाद्य, औषधी, अभ्यंगासाठी व दिव्यासाठी लागणारी तेले साठविण्याची, मोजण्याची आणि ओतण्याची भांडी. ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले, यावरून आला आहे. भूमध्य सागराभोवतीच्या देशांत हीच गोष्ट ऑलिव्ह फळाच्या बाबतीत घडली; ग्रीक व लॅटिन भाषांतील तेलवाचक शब्द ऑलिव्हच्या नावावरून बनले व त्यांवरून बहुतेक यूरोपीय भाषांतील तेलाची नावे आली. मूळ वनस्पती भिन्न असली, तरी दोन्ही प्रदेशांतील लोकांपुढील अडचण एकच होती. तेल झिरपते, ओघळते, वास शोषून घेते, हवा व उजेड यांनी खवट होते आणि काही धातूंच्या स्पर्शाने अधिकच लवकर बिघडते. त्यामुळे तेलासाठी भांडे निवडणे हा कुंभार, तांबट, तेली, व्यापारी व गृहिणी या सर्वांच्या अनुभवाचा विषय ठरला. गोदावरीकाठचे नासिक हे तीर्थक्षेत्र, बाजारपेठ आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचे केंद्र म्हणून प्रसिद्ध असल्याने या अनुभवाचा इतिहास तेथे विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

पुरातत्त्वीय पुरावा : नासिक येथील मातीची गढी या पांढरीच्या टेकाडावर १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. नासिक व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे या दोन्ही स्थळांचा एकत्रित अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जोर्वे गावावरून ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची तांबड्या रंगाची, काळी नक्षी असलेली, चाकावर घडवून पक्की भाजलेली भांडी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापडली आहेत. त्यांतील तोटीचे भांडे हे या संस्कृतीचे खास वैशिष्ट्य होय. त्याचे तोंड रुंद, पोट कंगोरेदार आणि खांद्यापासून निघणारी तोटी लांब व नळीसारखी असते. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील या भांड्यात भरण्याचा मार्ग व ओतण्याचा मार्ग वेगळे केलेले आहेत. द्रव पदार्थाची धार ताब्यात ठेवण्याचा विचार या प्रदेशातील कुंभारांनी तीन हजार वर्षांपूर्वी केला होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

तेलाच्या व्यवसायाचा नासिकमधील सर्वांत महत्त्वाचा लिखित पुरावा पांडवलेण्यांत आहे. तेथील एक शिलालेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील, म्हणजे इ. स. तिसऱ्या शतकातील आहे. शक अग्निवर्मा याची कन्या व गणपक रेभिल याची पत्नी विष्णुदत्ता या उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी असतील, त्यांच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे कायम ठेवी ठेवल्याचे त्यात नमूद आहे. या श्रेणींत कुलरिक, ओदयंत्रिक व तिलपिषक यांचा उल्लेख येतो. कुलरिक म्हणजे कुंभार व तिलपिषक म्हणजे तेली, असा अर्थ अभ्यासक लावतात. मुद्दल अबाधित ठेवून व्याजातून खर्च चालविण्याची ही व्यवस्था असल्याने ठेव ठेवणाऱ्याचा श्रेणीच्या टिकाऊपणावर विश्वास असणे आवश्यक होते. तेल गाळणारे व भांडी घडविणारे असे दोन्ही व्यावसायिक त्या काळी संघटित होते आणि समाजात त्यांची पत होती, ही बाब या लेखावरून सिद्ध होते.

याच सुमारास पश्चिमेकडे ऑलिव्ह तेलाचा व्यापार प्रचंड प्रमाणावर चालू होता. दक्षिण स्पेनमधून रोमला जाणारे तेल गोल पोटाच्या, दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून पाठवीत. अशा एका कुंभात सु. ७० लि. तेल मावे व रिकाम्या कुंभाचे वजन सु. ३० किग्रॅ. भरे. त्यावर रंगाने वजन, व्यापाऱ्याचे नाव व तपासणीचा तपशील लिहिलेला असे. मातीच्या अंगात मुरलेले तेल खवट होऊन नव्या तेलालाही बिघडवीत असल्याने हे कुंभ पुन्हा वापरता येत नसत. ते फोडून टाकीत. रोममधील माँते तेस्ताचो ही सु. ३५ मी. उंचीची टेकडी अशा खापरांचीच बनलेली असून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत तीत भर पडत होती. महाराष्ट्रात नेवासे येथील १९५४–५६ च्या उत्खननात अशा प्रकारच्या कुंभांचे तुकडे मिळाले. तथापि भारतात सापडलेल्या व पूर्वी रोमन समजल्या गेलेल्या तुकड्यांपैकी बरेचसे मेसोपोटेमियातील, आतून डांबराचा लेप दिलेल्या कुंभांचे आहेत, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत दिसून आले. उलट दिशेच्या व्यापाराचाही पुरावा आहे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पश्चिम भारतातून परदेशी जाणाऱ्या मालात तांदूळ, तूप व कापूस यांबरोबर तिळाच्या तेलाचा निर्देश आहे.

साठवणीची पात्रे : रेल्वेपूर्व काळात नासिक परिसरात तेल गावोगावच्या बैलघाण्यांवर निघे. डोंगराळ सुरगाणा, पेठ व इगतपुरी या भागांत खुरासणी, इतरत्र तीळ व करडई आणि विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर भुईमूग, ही येथील प्रमुख गळिताची पिके होत. घाण्याचे तेल थोडथोडे निघे आणि थोडक्या दिवसांत संपे. त्यामुळे घरातील साठवणीचे पात्र लहान असले तरी चाले. झिलईविरहित मडक्यात पहिल्यांदा भरलेले तेल काही अंशी मडके पिऊन टाके. म्हणून तेलासाठी एकच मडके कायम राखून ठेवीत आणि त्यात दुसरे काही भरीत नसत. सच्छिद्रतेची ही अडचण चिनी मातीच्या काचलेपयुक्त बरणीत उरत नाही. ब्रह्मदेशातील मार्ताबान बंदरातून येणाऱ्या मोठ्या बरण्या हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर सर्वत्र प्रसिद्ध होत्या आणि ‘मर्तबान’ हे त्यांचे नाव त्या बंदरावरूनच पडले. मात्र बरणी जड, महाग व फुटणारी असल्याने ती घरात लोणच्यासाठी व तेलासाठी उपयोगी पडली, तरी वाहतुकीस सोयीची नव्हती.

वाहतुकीसाठी कातडी बुधले वापरीत. डबगर या व्यावसायिक जातीचे कारागीर ते तयार करीत. मातीचा पोकळ साचा करून त्यावर कच्च्या, म्हणजे न कमावलेल्या, कातड्याचे ओले तुकडे एकावर एक चिकटवीत. ते वाळून कडक झाल्यावर आतील माती फोडून गळ्यातून काढून टाकीत. कच्चे कातडे पाण्याने मऊ पडते व सडते. परंतु तेल त्यातून सहसा झिरपत नाही. बैलाच्या पाठीवरून घाट उतरताना मडके फुटे, पण बुधला फुटत नसे. गरम पाण्याने धुऊन तो स्वच्छ करणे मात्र शक्य नसे व उंदरांचाही त्यास उपद्रव होई. घरगुती वापराच्या लहान बुधल्यास बुधली म्हणत. पुढे हे नाव धातूच्या, काचेच्या व प्लॅस्टिकच्या तेलपात्रांनाही लागू झाले आणि कातडी बुधला नाहीसा झाला, तरी शब्द टिकून राहिला.

तांबे, पितळ व कल्हई : नासिकच्या तांबट व कासार कारागिरांची कीर्ती दूरवर पसरलेली होती. १८८३ च्या नासिक जिल्हा गॅझेटियरमध्ये या धंद्याची दखल घेतलेली आहे. शहरातील भांडी बाजार व तांबट लेन ही नावे या धंद्याचीच स्मृतिचिन्हे होत. यात्रेकरू गोदावरीचे पाणी तोंड बंद केलेल्या तांब्याच्या गडूंतून घरी नेत. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईमार्गे येणारा तयार पत्रा कारागिरांना सहज मिळू लागला व मालही दूर जाऊ लागला.

तथापि नासिकचा हा अभिमानाचा धातू तेलाच्या दीर्घ साठवणीस प्रतिकूल आहे. तांबे व पितळ यांच्याशी तेलातील मुक्त वसाम्लांचा संयोग होऊन हिरवट रंगाची संयुगे तयार होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तांब्याचा अत्यल्प अंशदेखील तेलाचे ऑक्सिडीभवन झपाट्याने वाढवितो. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत परिशुद्ध तेलातील तांब्याची मर्यादा प्रतिकिलोग्रॅम केवळ ०·१ मिग्रॅ. ठेवलेली आहे, यावरून या परिणामाची तीव्रता लक्षात येते. रसायनशास्त्राचे हे स्पष्टीकरण उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्यावर कल्हईचा उपाय योजला होता. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ‘कळकते’, हे प्रत्येक घरी ठाऊक होते. कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी व २३२° से. ला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतल्या बाजूस पसरी. कथिलाचा हा पातळ थर अन्न आणि तांबे यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तो झिजला की, पुन्हा द्यावा लागतो. अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ यांत नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेवलेले विक्रीचे अन्न अयोग्य ठरविण्यात आले. म्हणजेच घरोघरच्या अनुभवास कायद्याचे बळ मिळाले.

यावरून एक कामाची विभागणी रूढ झाली. तेल साठविण्यासाठी माती, चिनी माती किंवा कातडे. तर घेण्यासाठी, मोजण्यासाठी व ओतण्यासाठी पितळ. पळी, मापे, झारी व समई या वस्तूंत तेल थोडा वेळच राहते. त्यामुळे धातूचा अपाय तेथे नगण्य ठरतो व त्याची घडीव तोटी, पातळ कड आणि मजबुती हे गुण उपयोगी पडतात.

ओतण्याची साधने : तेल पाण्यापेक्षा दाट असून भांड्याच्या पृष्ठभागास चिकटून वाहते. ओतणे थांबविल्यावर शेवटचा थेंब कडेवरून मागे वळतो आणि भांड्याच्या बाहेरून ओघळतो. त्यावर पातळ, किंचित बाहेर वळलेली कड व निमुळती तोटी हे उपाय आहेत. दुसरी अडचण हवेची होय. अरुंद गळ्यातून तेल बाहेर पडत असताना हवा आत शिरण्यास वेगळी वाट नसेल, तर धार तुटक पडते. जोर्वे भांड्यासारख्या, रुंद तोंड व स्वतंत्र तोटी असलेल्या पात्रात ही अडचण येत नाही. परंतु रुंद तोंडातून हवा व धूळ सतत आत जात असल्याने असे पात्र साठवणीस गैरसोयीचे ठरते. साठवणीस अरुंद तोंड व घट्ट झाकण हवे आणि ओतण्यास मोकळा वायुमार्ग हवा. या दोन परस्परविरोधी गरजा एकाच भांड्याने भागविणे कठीण जाते.

पळीने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविला. उभ्या लांब दांड्याची पळी बुधल्यात किंवा डब्यात सरळ बुडवून सरळ वर काढतात. त्यामुळे गळणारा थेंब मूळ भांड्यातच पडतो. अरुंद तोंडाच्या पात्रात तेल भरण्यासाठी नरसाळे वापरीत. शेर, पावशेर, अदपाव अशी तेलाची मापे तेल्याकडे असत. माप आतून तेलकट राहत असल्याने व ते पुरते निथळण्यास वेळ लागत असल्याने गिऱ्हाइकाची दृष्टी नेहमी मापाच्या तळावर असे. नासिकच्या हिवाळ्यात खोबरेल थिजत असल्याने त्यासाठी अरुंद तोंडाची बुधली निरुपयोगी ठरे. ते रुंद तोंडाच्या पात्रात ठेवीत किंवा बाटली उन्हात अथवा कोमट पाण्यात ठेवून पातळ करीत.

चुकीच्या पात्राचा परिणाम सांगणारी एक म्हणही मराठीत रूढ आहे. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे’ या म्हणीमागील लोककथेत एक भोळा मनुष्य दोन्ही टोकांना वाट्या असलेले धुपाटणे घेऊन बाजारात जातो. वरच्या वाटीत तो तेल घेतो आणि तूप घेण्यासाठी धुपाटणे उलटे करतो, तेव्हा तेल सांडते. तेल कोठे आहे हे पाहण्यासाठी ते पुन्हा उलटे करतो, तेव्हा तूपही जाते. म्हण आता सर्वस्व गमावण्याच्या अर्थाने वापरली जाते. परंतु मूळ कथा पात्राच्या निवडीचीच आहे.

डब्याचे युग : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घासलेटाची आयात वाढली. ते चार गॅलनच्या, म्हणजे सु. १८ लि. मापाच्या, चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. रिकामे डबे धुऊन पाण्यासाठी, धान्यासाठी व तेलासाठी वापरण्याची पद्धत भारतभर पसरली. हा पत्रा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेले लोखंड होय. धातू आणि अन्न यांच्यामध्ये कथिलाचा थर ठेवण्याचे जे तत्त्व कल्हईत आहे, तेच डब्यात आहे. फरक इतकाच की, कल्हई पुन्हा करता येते. डब्याचा मुलामा एकदा खरवडला गेला की, लोखंड उघडे पडून गंजते. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडा वनस्पती तुपाच्या डब्यांनीही घराघरांत असेच दुसरे आयुष्य काढले. खाद्यतेल व वसा भरण्यासाठी एकदा वापरलेले पत्र्याचे डबे पुन्हा वापरण्यास अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केलेली आहे.

गिरण्यांत यंत्राने काढलेले तेल दूरवर पाठवावे लागे व ते महिनोन्‌महिने टिकावे लागे. त्यामुळे डबा हे त्याचे स्वाभाविक पात्र बनले. घाण्याचे ताजे तेल विकणाऱ्या तेल्यांचा व्यवसाय त्यामुळे खालावला. वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत घाण्यात सुधारणा करण्याचे प्रयोग केले. तथापि गिरणीची स्पर्धा थोपविणे त्यामुळे शक्य झाले नाही. १९६० नंतर अगंज पोलादाची भांडी प्रचारात आली, तसतसा तांबट व कल्हईवाला यांचाही धंदा आक्रसत गेला. अगंज पोलाद तेलाशी संयोग पावत नाही व त्यास कल्हईही लागत नाही. त्यामुळे साठवण व ओतणे ही दोन्ही कामे धातूच्या पात्राकडे निर्धोकपणे सोपविणे प्रथमच शक्य झाले.

मोहोरबंद पात्र आणि ग्राहक : १९९८ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये दिल्ली व परिसरात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलामुळे जलशोथाची साथ उद्‌भवली व ६० हून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर सप्टेंबर १९९८ मध्ये केंद्र शासनाने खाद्यतेल आवेष्टन (नियमन) आदेश काढून तेल मोहोरबंद आवेष्टनातच विकण्याचे बंधन घातले. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध कायम ठेवून अपवाद करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. या बदलाने ग्राहकाचे संरक्षण झाले; परंतु त्याबरोबर घरून बुधली नेऊन दोन पळ्या तेल आणणाऱ्या रोजंदारीवरील कुटुंबाची सोयही संकोचली. लहान पिशव्यांनी ती काही अंशी भरून काढली.

आवेष्टनावरील मजकूर समजून घेणे हेही आता पात्रनिवडीचेच अंग झाले आहे. १ लि. खाद्यतेलाचे वजन सु. ९१० ग्रॅ. भरते. त्यामुळे १५ किग्रॅ. च्या डब्यात सु. १६·५ लि. तेल असते, तर १५ लि. च्या डब्यात सु. १३·६५ किग्रॅ. च असते. दिसण्यात सारख्या असलेल्या दोन डब्यांतील हे अंतर सव्वा किलोग्रॅमहून अधिक आहे. तापमान वाढले की, तेल प्रसरण पावते व तेवढ्याच घनफळाचे वजन घटते. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेलाचे माप तापमानाचा निर्देश न करता व वजनासह छापण्याची सूचना उत्पादकांना दिली.

सद्यःस्थिती : नासिकमध्ये आज शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन आदी तेलांबरोबर आयात केलेले ऑलिव्ह तेलही मिळते. तान्ह्या मुलांच्या अंगाला लावण्यासाठी ते पत्र्याच्या लहान डब्यांतून पूर्वीपासून येत असे. आता ते स्वयंपाकासाठीही घेतले जाते. कच्च्या ऑलिव्ह तेलात हरितद्रव्य असल्याने उजेडात ते विशेष लवकर बिघडते. गडद काच, पत्रा वा अगंज पोलाद यांचे पात्र त्यास योग्य असून पारदर्शक बाटली चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवणे अयोग्य होय. उन्हाळ्यात नासिकचे तापमान ४०° से. च्या आसपास जात असल्याने ही दक्षता करडई व सूर्यफूल यांच्या तेलांबाबतही घ्यावी लागते. तिळाच्या तेलात ऑक्सिडीभवनास विरोध करणारी नैसर्गिक द्रव्ये असल्याने ते तुलनेने अधिक टिकते.

अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलास पुन्हा मागणी आली असून ते लहान प्रमाणात काढून बहुधा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून विकतात. मोठे पात्र बंद व अंधारात ठेवावे, आठवडाभर पुरेल एवढेच तेल ओतण्याच्या लहान पात्रात काढावे आणि ते पात्र रिकामे झाल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरावे, हा नियम सर्व तेलांना लागू पडतो. कारण तळाशी राहिलेले जुने तेल नव्यालाही खवट करते. तांबटाची झारी व डबगराचा बुधला रोजच्या व्यवहारातून गेले असले, तरी साठवणीचे पात्र वेगळे व ओतण्याचे वेगळे, ही त्यांनी घालून दिलेली विभागणी मात्र चालू आहे. जुन्या घरगुती भांड्यांचे व दिव्यांचे नमुने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात.